एमपीथ्री फोनवर चढवताना: ए-लॉ, एसएलएन, जीएसएम की आणखी काही?

स्टुडिओतून आलेली एमपीथ्री लॅपटॉपवर झकास वाजते. "नमस्कार, आपलं स्वागत आहे. मराठीसाठी एक दाबा." आवाज गोड, मागे मंद सतार. तीच फाइल आयव्हीआरवर (फोन उचलून 'एक दाबा, दोन दाबा' सांगणाऱ्या यंत्रणेवर) चढवून मोबाइलवरून फोन लावला की कोणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतंय असं वाटतं, आणि सतारीची पार पिपाणी झालेली असते. पहिला संशय एमपीथ्रीवर येतो. दाबलेली फाइल आहे, मोकळी करून कच्च्या स्वरूपात दिली की आवाज सुधारेल, असं वाटतं. तसा तो सुधारत नाही. एमपीथ्रीनं एकदा टाकून दिलेलं परत येत नाही आणि फोन त्याहून कितीतरी जास्त टाकून देतो. पण रूपांतर करायचं तर असतंच, आणि ते नीट केलं की फरक ऐकणाऱ्याला कळतो.

मी दवाखाने, पतसंस्था, क्लासेस अशा छोट्या ठिकाणी एक्स्चेंज (संस्थेची फोनव्यवस्था) बसवतो, बहुतेक वेळा एक्स्चेंजच्या मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे अ‍ॅस्टरिस्कवर. त्यामुळे खालची तुलना त्याच चष्म्यातून केलेली आहे. फ्रीस्विच हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना फाइलींची नावं आणि फोल्डर वेगळे दिसतील, बाकी गणित तेच.

एक हिशेब आधी मांडतो, कारण निर्णय घेताना सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो. कच्ची फाइल म्हणजे अवाढव्य फाइल, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गाण्यांच्या सीडीपुरतं ते खरंही आहे. तिथे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाच्या मोजण्या), प्रत्येक नमुना १६ बिटांचा, शिवाय डावा आणि उजवा असे दोन चॅनल. फोनचा संसार त्यामानानं फार गरिबीचा. सेकंदाला ८,००० नमुने आणि एकच चॅनल. ते १६ बिटांत साठवले (हेच एसएलएन) तर मिनिटाला ९,६०,००० बाइट लागतात. आणि १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिटांची) एमपीथ्री मिनिटाला किती खाते? तीही ९,६०,०००. ए-लॉ (फोनसाठी ८ बिटांत बसवलेला आवाज) केलं तर त्याच्या निम्मी जागा पुरते. म्हणजे एमपीथ्री तशीच ठेवली तर जागा वाचते, हा मुद्दा पहिल्याच घासाला बाद.

| फॉरमॅट | १ मिनिटाला बाइट | कशासाठी |
|---|---|---|
| एसएलएन, ८ किलोहर्ट्झ | ९,६०,००० | एक्स्चेंजमधली सर्वसाधारण प्रत |
| ए-लॉ / म्यू-लॉ | ४,८०,००० | पीआरआय (कंपन्यांची डिजिटल फोनलाइन) आणि बहुतेक एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनलाइन) |
| जी-७२२ | ४,८०,००० | ऑफिसातले एचडी (रुंद आवाजाचे) फोन |
| एसएलएन, १६ किलोहर्ट्झ | १९,२०,००० | एचडी आणि ओपस (इंटरनेट कॉलचा फॉरमॅट) कॉल |
| जीएसएम | ९९,००० | जुनी, जागा कमी असलेली यंत्रं |
| जी-७२९ | ६०,००० | अरुंद इंटरनेट लाइन |
| एमपीथ्री, १२८ केबीपीएस | ९,६०,००० | ऐकायला आणि पाठवायला |

ए-लॉ, म्यू-लॉ आणि एसएलएन

खरी निवड या तिघांतच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

साध्या फोनला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच ऐकू येतं. हा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत बसवायची, असं जी-७११ हे मानक सांगतं. ते १९७२चं आहे आणि अजून ठणठणीत आहे. आठच बिट म्हणजे २५६ पायऱ्या. त्या सारख्या अंतरावर ठेवल्या तर हळू बोलणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून हळू आवाजासाठी बारीक पायऱ्या आणि मोठ्या आवाजासाठी रुंद पायऱ्या, अशी योजना केली. ती करण्याच्या दोन पद्धती रुळल्या. अमेरिकेत आणि जपानात म्यू-लॉ, तर युरोपात, भारतात आणि जवळपास बाकी सगळीकडे ए-लॉ. आपल्याकडे कंपन्या जी पीआरआय लाइन घेतात, तीवर एका वेळी ३० कॉल चालतात आणि ते ए-लॉमध्ये असतात.

गोम अशी, की इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक कृती अमेरिकन मंडळींनी लिहिलेल्या आहेत. त्या डोळे झाकून उतरवल्या की तुमच्या नकळत म्यू-लॉ फाइल तयार होते. ती चालते का? चालते. एक्स्चेंज वाजवताना म्यू-लॉचं ए-लॉ करतं. एका कोष्टकात बघून आकडा बदलायचा एवढंच ते काम, प्रोसेसरला त्याचा घामही येत नाही. आवाजात किंचित घसारा होतो, तो बहुतेकांना ऐकू येणार नाही. त्यामुळे कोणी आधीच शंभर फाइली म्यू-लॉमध्ये करून ठेवल्या असतील तर त्या पुन्हा करत बसू नका, असंच मी सांगतो. नव्यानं करत असाल तर मात्र सरळ ए-लॉ करा.

एसएलएन म्हणजे साधे १६ बिटांचे आकडे, कसलीही चतुराई नाही. अ‍ॅस्टरिस्क आतल्या आत फॉरमॅट बदलताना बहुतेक वेळा याच रूपातून जातं. तुमच्याकडे कॉल एकाच तऱ्हेचे येत असतील तर एसएलएनचा खास फायदा नाही. पण थोडे पीआरआयवरून, थोडे एखाद्या दूरच्या शाखेतून जी-७२९वर, थोडे मोबाइलमधल्या सॉफ्टफोनवरून (फोनचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमवरून) असा मिश्र कारभार असेल, तर एसएलएन सगळ्यांना सारखं जवळचं पडतं. शिवाय त्यात ८ बिटांचा तोटा अजून झालेला नसतो, तो शेवटच्या पायरीवरच होतो.

एकच निवडायचं बंधनही नाही. एकाच नावाच्या फाइली दोन-तीन फॉरमॅटमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या तर अ‍ॅस्टरिस्क आलेल्या कॉलला सगळ्यात स्वस्त पडणारी स्वतःच उचलतं. डायलप्लॅनमध्ये (कॉल आला की काय करायचं याच्या यादीत) फाइलचं नाव एक्स्टेन्शनशिवाय लिहायचं असतं, ते यासाठीच. मी ए-लॉ आणि एसएलएन अशी जोडी ठेवतो. दोन्ही मिळून मिनिटाला दीड एमबीच्या आत, आजच्या डिस्कला ते मोजावंसुद्धा लागत नाही.

आणि डब्ल्यूएव्ही? ती कच्ची नव्हे, पण फोनच्या मापाची डब्ल्यूएव्ही म्हणजे एसएलएनच, पुढे बहुधा ४४ बाइटांचं हेडर जोडलेलं. त्या हेडरमध्ये दर (सेकंदाला किती नमुने), चॅनल आणि बिट लिहिलेले असल्यानं चूक झाली तर निदान कळते. ४४,१०० दराची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही दिली की अ‍ॅस्टरिस्क लॉगमध्ये तक्रार नोंदवतं आणि ग्राहकाला काहीच ऐकू येत नाही. शांतता हा वाईट अनुभव, पण चूक शोधायला सोपा. नवख्या माणसाला मी म्हणूनच ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो डब्ल्यूएव्हीपासून सुरुवात करायला सांगतो. फ्रीस्विचवाले तर हीच वाट धरतात. ८०००, १६०००, ३२००० अशा नावांच्या फोल्डरांत त्या त्या दराच्या डब्ल्यूएव्ही ठेवलेल्या असतात. एक खाचखळगा तेवढा लक्षात असू द्या. अ‍ॅस्टरिस्कला लहान अक्षरांतलं डब्ल्यूएव्ही एक्स्टेन्शन आणि मोठ्या अक्षरांतलं, या दोन निरनिराळ्या गोष्टी वाटतात. मोठ्या अक्षरांतलं म्हणजे आत जीएसएम भरलेली फाइल. विंडोजवरून फाइल आणताना हे अक्षर हळूच मोठं होऊन बसतं आणि मग अर्धा दिवस जातो.

कच्च्या फाइलची चूक कानानं ओळखायची

कच्च्या फाइलला हेडर नसतं. आत काय आहे हे फक्त नावाच्या शेपटीवरून कळतं, आणि शेपटी खोटी असली तर यंत्र निमूटपणे खोटंच वाजवतं. लॉगमध्ये एक ओळसुद्धा येत नाही. अशा वेळी कान तयार असलेला बरा.

निवेदन समजतंय, पण शब्दांच्या मधल्या शांततेत खरखर आहे आणि आवाज फाटल्यासारखा येतोय? म्यू-लॉची फाइल ए-लॉ म्हणून वाजते आहे, किंवा उलट. म्यू-लॉमध्ये शांतता म्हणजे २५५ हा आकडा, ए-लॉमध्ये २१३. एकाची शांतता दुसऱ्याला शांतता वाटतच नाही.

बाई अचानक जाड्या आवाजाच्या झाल्या आणि रेंगाळत बोलू लागल्या, तर १६ किलोहर्ट्झची फाइल ८ची म्हणून वाजते आहे. नुसतं धबधब्यासारखं खळाळतंय, बोलणं जवळपास नाहीच, तर १६ बिटांच्या आकड्यांतले दोन बाइट उलटसुलट झाले आहेत, किंवा कोणीतरी फाइलच्या तोंडाकडचा एक बाइट कापला आहे. एक बाइट सरकला की पुढची सगळी फाइल नासते. आणि बाकी सगळं ठीक, फक्त सुरुवातीला 'टक' असं वाजतं, तर डब्ल्यूएव्हीचं हेडर तसंच ठेवून नुसतं नाव बदललं गेलं आहे. ते ४४ बाइट आवाज समजून वाजवले जातात.

हा शेवटचा उद्योग मी स्वतः केलेला आहे. एका दवाखान्याच्या चाळीस फाइली मी घाईत नुसतं एक्स्टेन्शन बदलून चढवल्या, आणि आठवडाभर त्यांचे पेशंट प्रत्येक वाक्याआधी टकटक ऐकत होते. डॉक्टरांना वाटलं लाइन खराब आहे. मीही दोन दिवस लाइनच तपासत होतो.

जीएसएम आणि जी-७२९

दोन्हींवर फार वेळ घालवायची गरज नाही. जीएसएम १३ केबीपीएसमध्ये बसतं, जी-७२९ तर अवघ्या ८मध्ये. दोन्ही कोडेक (आवाज आवळण्याच्या पद्धती) माणसाचा गळा डोळ्यासमोर ठेवून बनवलेले आहेत. गळ्यातून हवा कशी येते, तोंडाचा आकार कसा आहे, याचा अंदाज बांधून तेवढीच माहिती पाठवायची, ही त्यांची युक्ती. बोलणाऱ्या माणसावर ती चालते. सतारीला गळा नसतो. होल्डवरचं संगीत जी-७२९मध्ये गटांगळ्या खात असल्यासारखं वाटतं ते यामुळे.

एमपीथ्रीतून सरळ यांच्यात जाणं म्हणजे दोनदा चाळणी. एमपीथ्रीनं माणसाच्या कानाला काय ऐकू येत नाही याचा विचार करून आवाज टाकला, जी-७२९नं गळ्यात काय बसत नाही याचा विचार करून टाकला. उरलं ते निवेदन. मराठीत याचा फटका अशा जागी बसतो जिथे तो परवडत नाही. 'सात' आणि 'साठ' यांच्यात फरक असतो तो फक्त शेवटच्या व्यंजनाचा, तोही अगदी निसटता. हप्त्याची रक्कम सांगणाऱ्या आयव्हीआरमध्ये तो निसटून चालत नाही.

तरी जी-७२९ फाइली ठेवाव्यात अशी एक परिस्थिती आहे. ट्रंक जी-७२९वरच चालतो, एका वेळी पुष्कळ कॉल येतात आणि यंत्र अशक्त आहे. मग प्रत्येक कॉलला नव्यानं जी-७२९ करण्याचं ओझं मोठं, त्यापेक्षा आधीच करून ठेवलेलं बरं. या कोडेकची पेटंटं २०१७च्या सुरुवातीला संपली, त्यामुळे पूर्वीसारखा दर चॅनलमागे परवान्याचा हिशेब राहिलेला नाही. जीएसएमला मात्र आज नव्यानं निवडावं असं कारण मला सापडत नाही. जुन्या यंत्राबरोबर आलेल्या फाइली असतील तर असू द्या.

जुन्या डायलॉजिक कार्डांवरच्या (कॉम्प्युटरला फोनलाइन जोडणाऱ्या) सिस्टिमना व्हॉक्स नावाचा चार बिटांचा कच्चा फॉरमॅट लागतो. तसलं काही अजून चालू असेल तर सॉक्स (रूपांतराचं टूल, पुढे येतंच) तो लिहू शकतं, एवढं सांगून पुढे जातो.

एचडीच्या मागे लागावं का?

जी-७२२ १९८८पासून आहे. ते सेकंदाला १६,००० नमुने घेतं, म्हणजे ७,००० हर्ट्झपर्यंत ऐकवतं, आणि तरीही जी-७११एवढ्याच ६४ केबीपीएसमध्ये मावतं. ऑफिसातल्या टेबलावरच्या आयपी फोनवर हा फरक झणझणीत जाणवतो. 'स'मधली बरीचशी फुसफुस ४,००० हर्ट्झच्या वर असते, 'श'ची त्याखाली. साध्या फोनवर 'स' निम्मा मेलेला असतो, जी-७२२वर तो जिवंत होतो.

पण बाहेरून येणाऱ्या कॉलचं काय? जिओ ५ सप्टेंबर २०१६ला सुरू झालं ते व्होल्टीई (४जीवरून बोलणं) घेऊनच, आणि तेव्हापासून मोबाइल ते मोबाइल रुंद आवाज आपल्या सवयीचा झाला. कॉल तुमच्या पीआरआयवर उतरला की मात्र तो ए-लॉमध्येच येतो. तेवढ्या अरुंद दारातून सतार आत येणार नाही. तेव्हा सगळे ग्राहक पीआरआयवरून येत असतील तर १६ किलोहर्ट्झच्या फाइली करण्यात अर्थ नाही. वेबसाइटवरून ब्राउझरमधून कॉल करण्याची सोय असेल, किंवा कर्मचारी सॉफ्टफोनवर असतील, तर १६ किलोहर्ट्झचं एसएलएन जरूर ठेवा. जी-७२२ फाइल वेगळी करून ठेवण्यापेक्षा मला ते बरं वाटतं, कारण ओपसच्या कॉललाही तेच उपयोगी पडतं.

सॉक्स की एफएफएमपेग?

टूलांमध्ये लढत या दोघांत आहे. दोन्ही फुकट आणि मुक्त, दोन्ही काळ्या खिडकीत टाइप करून चालवायची.

सॉक्स १९९१पासूनचं, आवाज आणि फक्त आवाज एवढंच त्याचं काम. ए-लॉ, म्यू-लॉ, कच्चे आकडे, जीएसएम, व्हॉक्स हे सगळे फॉरमॅट त्याला घरच्यासारखे. दर ८,०००, चॅनल एक, आणि निघणाऱ्या फाइलचा प्रकार ए-लॉ, एवढं सांगितलं की काम होतं. मला ते आवडतं ते त्याच्या कुरकुर करण्याच्या सवयीमुळे. आवाज मर्यादेबाहेर जाऊन कापला गेला तर किती नमुने कापले गेले ते आकड्यात सांगतं आणि आवाज कमी करा असं सुचवतं. दर बदलण्याचं त्याचं काम उत्तम आहे. बिट कमी करताना खरखर पसरवून टाकण्याची काळजीही ते आपणहून घेतं.

त्याच्या अडचणी दोन. एक म्हणजे वय. त्याची मूळ आवृत्ती १४.४.२ ही २०१५मधली, त्यानंतर मूळ प्रकल्प थंडावला. जुन्या लेखांतल्या कृतींमध्ये 'रीसॅम्पल' नावाचा इफेक्ट दिलेला असतो, तो आता नाही, त्याजागी 'रेट' आहे. कृती उतरवली आणि सॉक्सनं तोंड वाकडं केलं तर आधी तिकडे बघा. दुसरी अडचण एमपीथ्रीचीच. डेबियन आणि उबुंटूवर सॉक्स बसवलं तरी एमपीथ्री वाचण्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. पेटंटच्या काळात पडलेली ही रीत, एमपीथ्रीची परवाना-योजना २०१७मध्ये बंद झाली तरी पॅकेजं वेगळीच राहिली.

एफएफएमपेगची ताकद म्हणजे ते काहीही गिळतं. हल्ली "एमपीथ्री पाठवतो" म्हणून जे येतं त्यात एमपीथ्री असतेच असं नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी आयफोनवर रेकॉर्ड केलेला एम-फोर-ए येतो, व्हॉट्सअ‍ॅपवरची ओपस व्हॉइस नोट येते, एकदा तर लग्नाच्या व्हिडिओसारखा अख्खा एमपीफोर आला होता, त्यात अध्यक्ष दिसतही होते. सॉक्सला एम-फोर-ए चालत नाही. एफएफएमपेग चकार शब्द न काढता सगळ्यांतून आवाज बाहेर काढतं, आणि ए-लॉ, म्यू-लॉ, कच्चे १६ बिट, जी-७२२ हे सगळं लिहितं. जी-७२९ ते वाचतं, लिहीत नाही. जीएसएम लिहिण्यासाठी त्याला वेगळी लायब्ररी जोडलेली असावी लागते.

त्यात आवाजाची पातळी सारखी करणारा 'लाउडनॉर्म' नावाचा फिल्टर आहे, आणि वीस वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड केलेली निवेदनं एका पातळीवर आणायला तो फार कामाचा आहे. मात्र हा फिल्टर आतल्या आत दर १,९२,०००पर्यंत चढवतो. बाहेर पडताना ८,००० हे स्पष्ट सांगितलं नाही तर भलत्याच दराची फाइल हातात येते.

माझा कौल असा. येणाऱ्या फाइली नाना तऱ्हेच्या असतील आणि एकच टूल शिकायचं असेल तर एफएफएमपेग. आवाजावर काम करायचं असेल, म्हणजे कापणं, शांतता काढणं, पातळी बघणं, तर सॉक्स. मी दोन्ही वापरतो. एफएफएमपेगनं उघडतो आणि सॉक्सनं शिवतो.

एमपीजी-१२३ला विसरू नका, विशेषतः जुन्या अशक्त यंत्रावर. ते एमपीथ्री उलगडून ८,००० दरानं मोनो कच्चे आकडे सरळ बाहेर ओततं. पण उलगडणं हा त्याचा पेशा आहे. दर बदलण्याच्या बाबतीत जुन्या आवृत्त्या कच्च्या होत्या, त्यामुळे त्यानं नुसती डब्ल्यूएव्ही काढायची आणि पुढचं सॉक्सकडे द्यायचं, हे शहाणपणाचं. लेम हे एमपीथ्री बनवणारं टूलही ती उलगडून देतं, तेवढ्यापुरतं ते पुरेसं आहे.

काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर ऑडॅसिटी. प्रोजेक्टचा दर ८,०००, ट्रॅक मोनो, आणि एक्स्पोर्ट करताना हेडर नसलेली फाइल आणि ए-लॉ निवडायचं. पाच-दहा फाइलींसाठी हे उत्तम, शिवाय लाट डोळ्यांना दिसते. शंभर फाइलींसाठी बोटं दुखतील.

अ‍ॅस्टरिस्कमध्येही फाइल बदलण्याची आज्ञा आहे. तिचा खरा उपयोग जी-७२९ आणि जी-७२२साठी, कारण यंत्रात जो कोडेक बसवलेला आहे तोच ती वापरते. तिला एमपीथ्री नव्हे, फोनच्या मापाची डब्ल्यूएव्ही किंवा एसएलएन द्यायची. राहिल्या ऑनलाइन रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइटी. स्वागताचं वाक्य तिकडे चढवायला हरकत नाही. ग्राहकांची कॉल रेकॉर्डिंगं मात्र चुकूनही नाही.

रूपांतराच्या आधीचं काम

टूल आणि फॉरमॅट दोन्ही बरोबर निवडून आवाज घाण येतो, तेव्हा दोष बहुतेक इथे असतो.

४४,१००वरून ८,०००वर उतरताना ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं आधी गाळावं लागतं. गाळलं नाही तर ते नाहीसं होत नाही, दुमडून खाली येतं. ६,००० हर्ट्झची फुसफुस २,००० हर्ट्झवर येऊन बसते, म्हणजे नेमकी बोलण्याच्या मध्यात. मग प्रत्येक 'स'बरोबर शिट्टीसारखं काहीतरी वाजतं. सॉक्स आणि एफएफएमपेग दोन्ही हे गाळण आपणहून करतात. हातानं लिहिलेली स्क्रिप्ट, जी दर साडेपाचवा नमुना उचलते, ती करत नाही. खालच्या बाजूला २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास कापलं तर एसीची घरघर जाते आणि आवाज मोकळा होतो. हे एक पाऊल मी कधीच गाळत नाही.

स्टिरिओचं मोनो करताना डावं-उजवं मिसळलं जातं. काही रेकॉर्डिंगांत एक बाजू दुसरीच्या उलटी असते, आणि मिसळताना दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हेडफोनवर छान, फोनवर भुतासारखं पुसट. असं झालं तर मिसळू नका, एकच बाजू घ्या.

मागचं संगीत निवेदनातून काढून टाका. स्टुडिओकडे बिनसंगीताची डब्ल्यूएव्ही मागा, एमपीथ्री नको. त्यांच्याकडे ती असतेच, फक्त कोणी मागत नाही. हे एक वाक्य बोललात तर या लेखातली निम्मी कसरत वाचेल.

आकड्यांसाठी तर हे अत्यावश्यक. इंग्रजीत वीस आणि तीन जोडून तेवीस होतात, मराठीत होत नाहीत. शून्य ते नव्व्याण्णव हे शंभर शब्द वेगवेगळे रेकॉर्ड करावे लागतात, वर शंभर, शे, हजार, लाख, कोटी. प्रत्येकी सेकंदभर धरलं तरी ए-लॉमध्ये हे सगळं एक एमबीच्या आत बसतं. पण हे तुकडे एकापुढे एक वाजणार असतात, आणि एमपीथ्री प्रत्येक फाइलच्या तोंडाशी आणि शेपटीशी थोडी रिकामी जागा घुसवते, तोंडाशी साधारण २५ मिलिसेकंद. 'दोन', 'हजार', 'तीन', 'शे', 'एक्केचाळीस' असं अडखळत ऐकू येतं ते त्यामुळेच. डब्ल्यूएव्हीपासून सुरुवात केली तर हा त्रास नाही, एमपीथ्रीच हातात असेल तर सॉक्सनं दोन्ही टोकांची शांतता छाटून घ्या. छाटताना शेवटच्या 'त'चा किंवा 'ठ'चा जीव जाणार नाही एवढं बघा.

पातळीचं म्हणाल तर शिखर मर्यादेपासून ३ डेसिबल खाली ठेवतो. सगळ्यात मोठा आवाज म्हणजे सगळ्यात स्पष्ट आवाज नव्हे, फोन स्वतःही थोडा वाढवतो.

होल्डवरचं संगीत

इथे एमपीथ्री तशीच वाजवण्याचा मोह जास्त होतो, कारण अ‍ॅस्टरिस्कला एमपीजी-१२३ जोडून थेट एमपीथ्री वाजवता येते. त्यात एक प्रोसेस सतत चालू राहते, कोणी होल्डवर असो वा नसो. एमपीथ्रीचं मॉड्यूलही आहे, पण त्याचा सोर्स वेगळा आणून बसवावा लागतो. त्यापेक्षा ए-लॉ फाइली एका फोल्डरमध्ये टाकून द्या. बासरी किंवा एकटं पियानो ३,४०० हर्ट्झच्या आत त्यातल्या त्यात तग धरतं. झांजा, ढोल-ताशा आणि भरगच्च वाद्यवृंद यांचा चिखल होतो.

मग काय करायचं

क्लाउड टेलिफोनीवर (एक्स्चेंज स्वतःकडे नसून सेवा देणाऱ्या कंपनीकडे) असाल तर हा विचार बराचसा तुमच्या वतीनं झालेला असतो. ट्विलिओ एमपीथ्री घेते आणि आपणच ८ किलोहर्ट्झ म्यू-लॉ करून वाजवते. सिस्कोची कॉल सेंटर यंत्रणा ८ किलोहर्ट्झ, ८ बिट, मोनो, म्यू-लॉ भरलेली डब्ल्यूएव्ही मागते, तिथे आपली ए-लॉची हौस बाजूला ठेवावी. कंपनीनं जे मागितलं आहे तेच द्यायचं, फक्त गाळणं आणि पातळी आपण आधी करून द्यायची.

स्वतःचं अ‍ॅस्टरिस्क आणि पीआरआय असेल तर ए-लॉ, सोबत एसएलएन. शाखा जी-७२९वर असतील तर त्या यंत्रावर तेवढ्या फाइली अ‍ॅस्टरिस्ककडूनच करून घ्या. ऑफिसात एचडी फोन असतील तर १६ किलोहर्ट्झचं एसएलएन वाढवा. आणि मूळ डब्ल्यूएव्ही, स्टुडिओतून आली तशी, दुसरीकडे जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षी ट्रंक बदलेल तेव्हा पुन्हा सगळं तिच्यातूनच करायचं आहे.

तपासणी लॅपटॉपच्या स्पीकरवर करू नका. एखाद्या साध्या, बटणाच्या मोबाइलवरून रस्त्यावर उभं राहून फोन लावा, बस जाताना ऐका, आणि "सात हजार साठ रुपये" हे वाक्य वाजवून शेजारच्याला किती ऐकू आले ते विचारा.